कॉलेजनं महापालिकेबरोबर शहराचा शाश्वत आराखडा करायचा म्हणे, सुरुवात कुठून करू? (सांगली)

पेवातली_हळद

नमस्कार. मी सांगलीतल्या एका कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवते. परवा प्राचार्यांनी बोलावून घेतलं, म्हणाले महापालिकेबरोबर सामंजस्य करार करायचाय, शहराच्या शाश्वत विकासाच्या आराखड्यात आपली मुलं काम करतील, प्रस्ताव तुम्ही लिहा, पंधरा दिवसांत द्या. मी हो म्हणून आले, स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडून बसले आणि तासाभरात 'प्रस्तावना' एवढा एकच शब्द टाइप झाला.

विषयांची कमी नाहीये. शेरीनाल्याचं दुखणं माझ्या लहानपणापासूनचं, त्याचं सांडपाणी उचलून धुळगावला शेतीला द्यायची योजना आहे त्यावर काम करता येईल. समडोळी रोड आणि बेडग रोडचे कचरा डेपो आहेत. केंद्राच्या स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सांगली आहे, त्यात शहरानं एखाद्या तांत्रिक संस्थेला जोडून घ्यायचं असतंच. आणि पूर. पुराचं काय सांगायचं, इथं सगळे सांगलीचेच आहात.

हाताशी ६० मुलं आहेत, नव्या शैक्षणिक धोरणामुळं फील्ड प्रोजेक्टला दोन क्रेडिट, म्हणजे डोक्यामागं साधारण ६० तास. हे तास वाया घालवायचे नाहीत. मी आधी एका दुसऱ्या शहरात होते तिथं आम्ही एका प्रभागातली झाडं मोजली होती, अडीच महिने, प्रत्येक झाडाला नंबर, घेर, फोटो. स्पायरल बाइंडिंग करून दिलं, चहा झाला, फोटो झाला, आणि पुढच्या वर्षी त्याच प्रभागातली झाडं मोजायला एक एजन्सी आली. मुलांनी लावलेले नंबर अजून झाडांवर होते, त्यांनी त्याच्याच शेजारी आपले नंबर लावले.

तर प्रश्न असा की विषय एकच घ्यावा का सगळे, आणि पालिकेतल्या माणसाला खरंच लागेल असं बीएस्सीच्या पोरांना काय करता येतं? शिवाय आमचं विद्यापीठ कोल्हापुरात, कॉलेज इथं, महापालिका सांगली-मिरज-कुपवाड मिळून, तर सही नक्की कुणाकुणाची लागते?

मिरजेचा_तंबोरा

शाल, नारळ, फोटो. झालं सामंजस्य. प्रस्तावात एवढंच लिहा, लगेच पास होईल 😄

गंमत सोडा, पण मॅडम, पोरांकडून काम करून घ्यायचं म्हणजे काय ते मला विचारा. आम्ही बीकॉमला होतो तेव्हा पर्यावरणाचा प्रोजेक्ट कंपल्सरी, कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं 'कृष्णा नदीचे प्रदूषण' तयार मिळायचं, ४० रुपये, वरचं पान तेवढं आपल्या नावाचं करून द्यायचा. तोंडीला सर म्हणाले कुठल्या नदीचा अभ्यास केला, मी छाती काढून कृष्णा म्हणालो. सर म्हणाले आत सगळीकडं पंचगंगा लिहिलंय की रे. तरी दहापैकी सात दिले, कारण माझ्या आधीच्या चौघांच्या आत पण पंचगंगाच होती.

निवृत्त_शाखा_अभियंता

मॅडम, मी ३१ वर्षं आधी नगरपालिका आणि मग महापालिका अशी नोकरी केली, पाणीपुरवठा आणि ड्रेनेज, गाव सांगत नाही कारण पेन्शन चालू आहे. तुमच्यासारखे बरेच प्राध्यापक टेबलासमोर बसून गेले, त्यांचं काय चुकायचं आणि आमचं काय चुकायचं ते सांगतो, जरा लांबेल.

पहिलं म्हणजे आराखडा हा शब्द काढा. आराखडा आला की तो सगळ्यांचा होतो आणि सगळ्यांचा म्हणजे कुणाचाच नाही, तो आवक-जावकला जातो आणि तिथून कपाटात. पालिकेत काम त्याचं होतं ज्याला बजेटात हेड आहे आणि ज्याच्या टिपणीखाली सही करणारा माणूस ठरलेला आहे. तुम्ही उपायुक्तांना भेटा, आयुक्तांना जरूर भेटा, करारावर सही त्यांचीच लागणार आणि तुमच्याकडून प्राचार्यांची किंवा संस्थेच्या सचिवांची, विद्यापीठाला एक पत्र पाठवलं की बास. पण काम ठरवायला खात्यातल्या शाखा अभियंत्याकडं जाऊन बसा आणि त्याला एकच विचारा, साहेब तुम्हाला कुठली गोष्ट माहीत नाही म्हणून तुमची अडचण होते? डाटा द्या असं म्हणू नका हो. डाटा द्या म्हटलं की माणूस घाबरतो, त्याला वाटतं माहिती अधिकारवाले आले.

दुसरं वेळापत्रक. तुमची पोरं जानेवारीत सुरू करणार, एप्रिलला रिपोर्ट देणार. आमच्याकडं खात्यांच्या मागण्या डिसेंबरच्या आसपास गोळा होतात, आयुक्त फेब्रुवारीत बजेट मांडतात, म्हणजे तुमचा रिपोर्ट येतो तेव्हा पुढच्या वर्षाचे पैसे वाटून झालेले असतात. आणि मार्चमध्ये तर येऊच नका, मार्च एंडला सगळा स्टाफ घरपट्टी पाणीपट्टीच्या वसुलीला आणि बिलं काढायला, तुमच्या पोरांना पाणी पण कुणी विचारणार नाही. जून ते नोव्हेंबर काम करा, डिसेंबरला चार पानं द्या. चारच. शंभर पानांचा रिपोर्ट मी एकदाच वाचलाय, तो पण ट्रेनमध्ये.

तिसरं, नवीन काही जन्माला घालू नका, जे कायद्यानं करावंच लागतं त्यात घुसा. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६७अ आहे, आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैच्या आत मागच्या वर्षाचा शहराचा पर्यावरण स्थिती अहवाल महापालिकेपुढं ठेवायचा. हा अहवाल कसा होतो ते सांगायला लावू नका, पण मागच्या वर्षीच्यात आकडे बदलून पुढच्या वर्षीचा झालेला मी पाहिलाय, एका ठिकाणी तर आकडे पण तेच होते, वर्ष तेवढं बदललेलं. तुमच्या पोरांचं एक प्रकरण त्यात गेलं तर ते सभेपुढं जातं, रेकॉर्डवर येतं, मग कुणी उठून विचारू शकतं की हे लिहिलंय त्याचं पुढं काय केलंत. माझी वसुंधरा अभियानात पण पालिकांना २०२० पासून भूमी जल वायू अग्नी आकाश असे गुण मिळवायचे असतात, तिथं काम दाखवता आलं तर अधिकारी आपणहून तुम्हाला फोन करतील.

आणि शेवटचं, मुकादमाला भेटा. साहेब तीन वर्षांत बदलतो. कुठलं चेंबर पहिलं उचलतं, कुठल्या गल्लीत पाइप उलट्या उताराला टाकलाय, हे नकाशात नसतं, मुकादमाला पाठ असतं.

पेवातली_हळद

सर, हे मी प्रिंट काढून ठेवलं. मुकादमांना भेटायचं कसं पण? ऑफिसात गेलं की फील्डवर गेलेत म्हणतात.

निवृत्त_शाखा_अभियंता

फील्डवरच असतात ते. सकाळी सहा साडेसहाला हजेरी घेतात तिथं जायचं, दहाला ऑफिसात जाऊन मुकादम कसा सापडेल. जाताना वही घेऊन जा, मोबाइलवर टाइप करत बसू नका, त्यांना वाटतं रेकॉर्डिंग चाललंय.

बुधगाव_ते_युजीन

मी बुधगावचा, सध्या अमेरिकेत ओरेगॉनमध्ये. इथल्या युनिव्हर्सिटी ऑफ ओरेगॉनचा अगदी हाच उद्योग आहे, सस्टेनेबल सिटी इयर प्रोग्रॅम, २००९ पासून चालू आहे. पहिलं शहर ग्रेशम, दुसऱ्या वर्षी सेलम, मग स्प्रिंगफील्ड वगैरे. पद्धत साधी आहे, एका शैक्षणिक वर्षाला एक शहर. शहरातली खाती आधी आपल्या अडचणींची यादी देतात, विद्यापीठ बघतं की आपले कुठले कोर्स तसेही चालूच आहेत, आणि त्या कोर्सचा प्रोजेक्ट म्हणून ती अडचण घेतात. म्हणजे पोरांना जादा काही नाही, जो विषय शिकायचा तोच, फक्त पुस्तकातल्या काल्पनिक चौकाऐवजी खरा चौक. आर्किटेक्चर, प्लॅनिंग, कायदा, बिझनेस, पत्रकारिता, सगळे एकाच शहरावर. याचं पाहून बाकी विद्यापीठांनी पण सुरू केलं, आता त्यांचं एपिक-एन नावाचं नेटवर्क आहे.

यातल्या मला दोन गोष्टी आवडतात. एक म्हणजे शहर पैसे देतं. फुकट नाही. बजेटातून पैसे गेले की तिथला अधिकारी अर्ध्या वर्षात फोन करून विचारतो, माझ्या कामाचं काय झालं? फुकट मिळालेल्या रिपोर्टला कोण फोन करतंय. दुसरी म्हणजे कोर्स संपल्यावर एखाद्या विद्यार्थ्याला पैसे देऊन बसवतात, तो सगळ्या टीमचं काम वाचून एक नीट रिपोर्ट लिहितो. पोरांनी केलेल्या कामातला गाळ काढायचं काम कुणीतरी केलंच पाहिजे, ते प्राध्यापकाच्या डोक्यावर टाकलं की ते कधीच होत नाही.

पण जसंच्या तसं उचलू नका राव. इथल्या शहरांकडं प्लॅनिंगचा स्टाफ असतो, यादी मागितली की यादी येते. सांगलीत यादीच पोरांना करावी लागेल असं मला वाटतंय, आणि वरच्या काकांनी मुकादमाचं सांगितलं ते त्यासाठीच महत्त्वाचं आहे. पैसे म्हणाल तर लाखभर मागू नका, पण प्रवास आणि छपाई तरी पालिकेच्या हेडमधून घ्या, पाच हजार का असेना.

कृष्णाकाठ४५

काय उपयोग नाही या सगळ्याचा. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवायचं थांबवा आधी. ५१९ वरून ५२४ मीटर करायला निघालेत, सांगली बुडणार, तुम्ही बसा झाडं मोजत.

मिरजेचा_तंबोरा

आलं. मी वाटच बघत होतो कितव्या कमेंटला अलमट्टी येतं.

शामरावनगर_मागची_गल्ली

अलमट्टीवाले दादा, पाणी कर्नाटकातून तटून आलं का कोयनेतून सोडलेलं आलं ते मोठ्या माणसांनी भांडावं, आमच्याकडं ते संडासातून वर आलं. मॅडम, मी कधी इथं लिहीत नाही पण तुम्हाला सांगते.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही सगळे आयर्विनचा फूट, म्हणजे आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलंय ते, बघत बसलो होतो. तुम्हाला माहीतच आहे, पावसाळ्यात सांगलीत कोण कसा आहे विचारत नाही, आयर्विनला किती विचारतात. ४० झालं इशारा, ४५ झालं धोका, आणि आमचे हे म्हणत होते २००५ ला ५३ च्या पुढं गेलं तेव्हाच आपल्या पायरीला लागलं होतं, अजून लई वेळ आहे, झोप तू. मी रात्री दोनला बाथरूमला उठले तर पाय ओला. दारात पाणी नाही, गल्ली कोरडी, कुत्री झोपलीत. आणि मोरीतून बुडबुडे येतायत, काळं पाणी, वास. नदी अजून पुढच्या रस्त्याला पण आली नव्हती आणि आमच्या घरात घोट्याएवढं झालं. मागं नाला आहे ना, त्याला मधी भराव टाकून प्लॉट केलेत, तिथनं ते उलटं आत आलं. नदी दुसऱ्या दिवशी पुढच्या दारानं आली, तोवर आमचं खालचं सगळं गेलेलं होतं, तांदळाची कोठी, मुलीची दहावीची पुस्तकं, शिलाई मशीनची मोटर. शेवटी ५७ च्या पुढं गेलं तेव्हा आम्ही नातेवाइकांकडं विटा भागात होतो, टीव्हीवर बघत होतो. मग २०२१ ला ५५ च्या आसपास, तेव्हा मी ह्यांचं ऐकलं नाही, मोरीवर आधीच वाळूची पोती टाकली.

आमच्या हॉलच्या भिंतीवर रेषा होत्या. २००५ ची सासऱ्यांनी खिळ्यानं ओढलेली, २०१९ ची पाण्यानंच ओढलेली, लाइटच्या मीटरच्या वर टीचभर, कितीही घासली तरी जायची नाही. मुलीच्या लग्नाच्या आधी रंग काढला तर पेंटर म्हणाला वहिनी पुट्टी मारून घालवतो, आणि ह्यांना पण घालवायचीच होती, पाहुणे येणार. मी म्हटलं तेवढा एक चौकोन सोड. म्हणून दरवाजाच्या मागं एक वीतभर रुंद, उभा जुना पिवळा चौकोन आहे, त्यात दोन्ही रेषा आहेत. दार उघडं असलं की दिसत नाही.

महापालिका यादी काढते हो, इतके फूट झाले की इतक्या भागात पाणी, सूर्यवंशी प्लॉट आधी, मग दत्तनगर काकानगर, असं. पण आमच्यासारखं मागच्या दारानं कुणाकडं येतं ते त्या यादीत नसतं. तुमच्या पोरांना तेवढं विचारायला पाठवा. मी चहा देईन.

पेवातली_हळद

ताई, मी हे दोनदा वाचलं. माझ्या आजोबांचं हरिपूरला हळदीचं पेव होतं, म्हणजे हळद साठवायचा जमिनीतला खड्डा, ते सांगायचे की पेव खणायची जागा म्हणजे पाणी कधीच येत नाही अशी जागा, पिढ्यांचा हिशोब. २००५ ला पेवांत पाणी शिरलं. तो हिशोब कुठं लिहिलेला नव्हता, आजोबांच्याच तोंडी होता, आणि तो चुकला हेही आता फक्त आम्हाला घरच्यांना माहीत.

डंपी_लेव्हल

मॅडम विषय सापडला की तुमचा. मी सिव्हिलवाला, लेव्हलचं काम रोजचं, म्हणून जरा तांत्रिक सांगतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

पोरं काय करतील, घरोघर जाऊन विचारतील पाणी किती आलं आणि लिहितील 'कमरेएवढं'. त्याचा काही उपयोग नाही, कुणाची कंबर? खोली मोजायची नाही, पातळी मोजायची. भिंतीवर खूण आहे तिची समुद्रसपाटीपासूनची उंची, आरएल, ऑटो लेव्हलनं (तिपाईवरची लेव्हल बघायची दुर्बीण) काढायची, जवळच्या खात्रीच्या बेंचमार्कवरून, म्हणजे जिची उंची आधीच माहीत आहे अशा खुणेवरून. सोबत उंबऱ्याची, आणि मोरीच्या जाळीची. एका घराला पंधरा मिनिटं, पोरं दोन दिवसांत शिकतात. अशी एका भागात तीसचाळीस घरं झाली की चित्र दिसायला लागतं, कारण नदीचंच पाणी असेल तर एकाच वर्षाच्या खुणा शेजारीशेजारी जवळपास सारख्या पातळीला यायला पाहिजेत. एखादी गल्ली वेगळी पडली तर एकतर तुमचं मोजमाप चुकलंय किंवा ते पाणी नदीचं नव्हतंच, पावसाचं तुंबलेलं होतं, भरावामागं अडकलेलं.

आयर्विनच्या फुटाचं पण जपून. तो त्या पुलावरच्या पट्टीचा फूट आहे. नदीला उतार असतो, त्यामुळं आयर्विनला जी पातळी तीच त्या वेळी हरिपूरला असं नसतं, आणि संगमाला वारणा फुगून आली की कृष्णेचं पाणी तटतं, मग हिशोब अजून बदलतो. म्हणून प्रश्न असा विचारा, तुमच्याकडं पहिलं पाणी कुठून आलं आणि तेव्हा आयर्विनला किती होतं. दुसऱ्या गावात लोकांना पुराची तारीख पण आठवत नाही, सांगलीकराला फूट इंच आठवतो, हा फायदा घ्या. वर ताईंनी बघा कसं सांगितलं.

अजून एक. २०१९ आणि २०२१ चे फोटो लोकांच्या मोबाइलमध्ये आहेत, गल्लीतला खांब, दुकानाची पायरी, बुडालेली गाडी. मूळ फोटोच्या आत तारीख वेळ असते, ती घ्या आणि त्या तासाचं आयर्विनचं रीडिंग शेजारी लिहा. व्हॉट्सॅपवर आलेला फोटो चालत नाही, त्यातली मूळ वेळ जाते. ज्यानं काढला त्याच्याच फोनमधून घ्यायचा. पोरांना हे काम जमतं, आपल्याला जमत नाही.

निवृत्त_शाखा_अभियंता

डंपी लेव्हल बरोबर बोलतायत. मोरीच्या जाळीची पातळी घ्यायची ही खरी कामाची गोष्ट, आणि सोबत नाल्याच्या तोंडाची पातळी घ्या. नाला नदीला मिळतो तिथं झडप पाहिजे, नदी वर चढली की बंद करायची. पण झडप बंद केली की आतलं पावसाचं पाणी बाहेर जात नाही, ते उपसायला पंप पाहिजे, पंपाला डिझेल पाहिजे आणि रात्री दोनला तिथं माणूस पाहिजे. हे सगळं हेडमध्ये बसतं. कुठल्या फुटाला झडप टाकायची हे जर तुमची पोरं सांगू शकली तर शाखा अभियंता तुमचा कागद कपाटात नाही, टेबलाच्या काचेखाली ठेवेल.

सातबारा_आणि_मी

सगळ्यांचं छान चाललंय, पण एक कडू बोलतो. मी एजंट नाही, माझं स्वतःचं घर आहे तिकडं. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला परवानगी नाही, निळी आणि लाल यांच्या मधी अटींवर, हे सगळ्यांना माहीत आहे. निळी म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा. आता तुमची पोरं तिपाई आणि पट्टी घेऊन दारात आली, घर नंबरसकट लिहून घेतलं की इथं पाणी लाइटच्या मीटरच्या वर, आणि तो कागद महापालिकेत गेला, उद्या मला घर विकायचंय, बँकेचं कर्ज काढायचंय, भाडेकरू बघायचाय, काय होईल? लोक खोटं सांगतील. आमच्या शेजाऱ्यानं २०१९ नंतर पंचनाम्याला छातीएवढं सांगितलं आणि सहा महिन्यांनी गिऱ्हाईक आलं तेव्हा पायरीला लागलं होतं म्हणाला. दोन्ही वेळा मी तिथंच उभा होतो.

शामरावनगर_मागची_गल्ली

तुमचं खोटं नाही. पेंटरला पण म्हणूनच बोलावलेलं.

डंपी_लेव्हल

घर नंबर लिहायची गरजच नाही. गल्लीची पातळी द्या, पन्नास मीटरच्या तुकड्याची. घराघराची वही कॉलेजात ठेवा, पालिकेला नकाशा द्या. आणि निळी लाल रेषा जलसंपदा खातं ठरवतं, पोरांच्या पट्टीनं ती हलत नसते, हे दारात पहिल्या वाक्यात सांगा नाहीतर दार उघडणार नाही.

कृष्णाकाठ४५

आणि अलमट्टीचं??

मिरजेचा_तंबोरा

दादा त्याचा वेगळा धागा आहे, ११०० कमेंट झाल्यात, तिथं पुराची कारणं शोधणाऱ्या वडनेरे समितीच्या अहवालावरनं दोघं जण अजून भांडतायत, जा तिकडं. इथं मोरीचं चाललंय.

बुधगाव_ते_युजीन

सातबारावाल्यांचा मुद्दा प्रस्तावातच लिहा मॅडम. कुठली माहिती कुणाकडं राहणार, कोण बघू शकणार, करारात एक परिच्छेद त्याचा पाहिजेच. आणि अजून एक करा, मुलांनी केलेला नकाशा पालिकेला द्यायच्या आधी त्याच गल्लीत नेऊन दाखवा. लोक बोट ठेवून सांगतात इथं चुकलंय म्हणून. आम्ही आमच्या क्लासला हे एकदा केलं नाही, थेट कौन्सिलपुढं गेलो आणि एक आजी उठून म्हणाली तुम्ही दाखवलेला फूटपाथ चार वर्षांपूर्वी उखडलाय.

पेवातली_हळद

सगळ्यांचे आभार. प्रस्ताव दिला काल. आराखडा शब्द एकदाच आहे, शीर्षकात, तो प्राचार्यांना पाहिजेच होता. कचरा, हवा, शेरीनाला सगळं काढलं. एकच प्रभाग, एकच नाला, ६० पैकी २४ मुलं, जून ते नोव्हेंबर. प्राचार्य म्हणाले एवढंसंच? बाकीच्या ३६ मुलांचं काय? मी म्हटलं पुढच्या वर्षी दुसरा नाला.

शनिवारी सकाळी सव्वासहाला हजेरीच्या जागी गेले होते. मुकादम आधी बोलेचनात, मी वही काढली आणि विचारलं पावसाळ्यात तुम्हाला पहिला फोन कुठून येतो. मग वीस मिनिटं बोलले. त्यांनी वहीत स्वतः नाला काढून दिला, वाकडातिकडा, सात ठिकाणी फुल्या, जिथं भराव पडून नाला अरुंद झालाय. एका फुलीवर दोनदा गिरवलं. मी घरी येऊन बघितलं तर ती जागा शामरावनगरच्या ताईंनी सांगितलेल्या गल्लीच्या अगदी मागं येते. ताई, तुमचा चौकोन आम्ही पहिला मोजणार, चालेल ना?

अडचण एकच आहे. कॉलेजात ऑटो लेव्हल आहे पण तो आमच्या डिपार्टमेंटचा नाही, मागून बघते. स्टाफ, म्हणजे लेव्हलबरोबर धरायची आकड्यांची लांब पट्टी, मात्र मोडलेला आहे, मधला जोड निसटतो. पावसाच्या आधी दोन रविवार तालीम घ्यायचीय पोरांची. कुणाकडं लेव्हलिंग स्टाफ आहे का दोन दिवसांसाठी?

शामरावनगर_मागची_गल्ली

चालेल की. दार लावून घ्यावं लागतं चौकोन बघायला, आत चारच माणसं मावतात.

डंपी_लेव्हल

माझा न्या. ५ मीटरचा आहे, ॲल्युमिनियमचा. खालच्या अर्ध्या मीटरचे आकडे घासलेत तेवढे मी पेननं परत लिहिलेत, ३ चा ८ वाटतो एका ठिकाणी, पोरांना आधी दाखवा. रविवारी सकाळी सातच्या आत विश्रामबागला या, नंतर मी साइटवर असतो.